टायमिंग चेनचा एक दात
मोटारसायकलचा कॅमशाफ्ट पुन्हा बसवताना

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या तरुणांची संख्या मोठी आहे. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे, हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते रोजी कमावतात. यांपैकी बहुतेकांनी हा हुन्नर शाळेत शिकलेला नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत, मार खात, चहा आणत ते शिकले. अशा शिक्षणाचा मोठा गुण म्हणजे हात तयार होतो. उणीव एवढीच की काय करायचे ते कळते, पण का करायचे ते पुष्कळदा कळत नाही. आणि 'का' कळले नाही तर नवी गाडी समोर आली की हात अडतो.

कॅमशाफ्ट काढणे आणि तो बरोबर टायमिंगवर परत बसवणे हे असेच एक काम आहे. या लेखात आम्ही त्याची रीत आणि रीतीमागची कारणे सांगणार आहोत. उदाहरणासाठी आम्ही हिरो होंडाच्या जुन्या सीडी १०० आणि स्प्लेंडर या गाड्यांचे ९७.२ सीसीचे इंजिन घेतले आहे. सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. २०११ साली कंपनीचे नाव बदलून हिरो मोटोकॉर्प झाले, तरी स्प्लेंडर चालूच राहिली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गॅरेजात जा, हे इंजिन टेबलावर उघडे पडलेले दिसेल.

टू-स्ट्रोकवर तयार झालेला हात

जुन्या मिस्त्रींचा हात राजदूत, येझदी आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांवर तयार झाला होता. या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टनच वर-खाली जाताना ब्लॉकमधली भोके उघडतो आणि झाकतो. त्यामुळे हेड काढले, ब्लॉक काढला, रिंगा बदलल्या, परत बसवले, काम संपले. चुकायला जागाच थोडी.

१९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून हटल्या. फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य आले. पण हात तोच राहिला. हेड उघडायचे, रिंगा बदलायच्या, परत बसवायचे, एवढेच मनात. मध्ये एक चेन आहे आणि तिचा एक-एक दात हिशेबाचा आहे, ही गोष्ट अनेकांना नुकसान करून घेतल्यावरच समजली. आम्हीही त्यांतलेच.

आमची चूक

१९९८ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा चिपळूणमध्ये उस्तादांच्या हाताखाली होतो आणि आपल्याला आता सगळे येते असे आम्हाला वाटू लागले होते. सुक्या मासळीचा धंदा करणारे एक वयस्कर चाचा आमचे गिऱ्हाईक होते. सीडी १०० च्या मागे दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून ते कुंभार्ली घाट चढून पाटणच्या बाजारी जात. गाडी धूर मारत होती, म्हणून रिंगा बदलायला आणली. उस्ताद त्या दिवशी बाहेरगावी होते. आम्ही हेड उतरवले, रिंगा टाकल्या, हेड बसवले, चेन चढवली आणि किक मारली. गाडी सुरू झाली. पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी चाचा परत आले. म्हणाले, "बेटा, धूर गेला, पण जानही गेली. घाटात पहिल्या गिअरवर उतरून ढकलावी लागली. बाजार चुकला, माल परत आणला." आम्ही कार्बोरेटर साफ केला. जेट बदलला. प्लग नवा टाकला. त्याचेही पैसे घेतले. चार दिवसांनी चाचा पुन्हा दारात. या वेळी ते काहीच बोलले नाहीत, गाडी स्टँडवर लावून बाकावर बसून राहिले.

उस्तादांनी कार्बोरेटरला हातसुद्धा लावला नाही. हाताने किक हळू दाबून पाहिली, म्हणाले, "दाब कुठे आहे?" मग मॅग्नेटचे कव्हर उघडले, हेडच्या डाव्या बाजूचे गोल कव्हर उघडले, खूण खुणेला लावली. कॅमची गरारी एक दात मागे होती. वीस मिनिटांत चेन सरकवून गाडी उभी केली. नंतर आम्हाला म्हणाले, "जेटचे आणि प्लगचे पैसे चाचांना परत दे. चूक चेनची होती आणि तू पैसे कार्बोरेटरचे घेतलेस." चाचांचे दोन बाजार बुडाले ते मात्र कोणी परत देऊ शकले नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. हेड उघडलेल्या गाडीत ताकद नसेल तर आधी टायमिंगच्या खुणा बघायच्या, कार्बोरेटर नंतर. हा लेख त्या नियमातूनच आला आहे.

कॅमशाफ्टचे काम काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्या असतात. हवा-पेट्रोल ओढणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार फेऱ्यांत क्रँक दोन वेळा पूर्ण फिरतो. पण आत घेणारा व्हॉल्व्ह आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह या चार फेऱ्यांत प्रत्येकी एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे. याकरिता कॅमच्या गरारीला क्रँकच्या गरारीपेक्षा बरोबर दुप्पट दात ठेवलेले असतात, आणि दोघांना चेनने जोडलेले असते.

वेगाचा अंदाज घ्या. क्रँक मिनिटाला ८००० फेऱ्या मारत असेल तर कॅम ४००० मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सहासष्टपेक्षा जास्त वेळा उघडतो आणि बंद होतो. पिस्टन वर येण्याच्या वेळी व्हॉल्व्हने वाट मोकळी केलेली असली पाहिजे. दोघांचे वेळापत्रक चेनच्या हाती असते.

एक दात म्हणजे किती?

"एकच दात तर चुकला, काय मोठे?" असे शिकाऊ मुलगा विचारतो. त्याला हिशेब करून दाखवावा. कॅमची एक फेरी म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, म्हणजे ७२० अंश. या ७२० ला कॅमच्या गरारीच्या दातांनी भागा. गरारीला २८ दात असतील तर एका दाताची चूक क्रँकवर सुमारे २६ अंशांची होते. ३२ दात असतील तर साडेबावीस अंशांची. आपल्या हातातल्या गरारीचे दात मोजा आणि स्वतः भागाकार करा. प्लगची ठिणगी थोड्या अंशांनी मागेपुढे झाली तरी गाडीत फरक कळतो. मग व्हॉल्व्ह पंचवीस अंश चुकल्यावर काय होत असेल?

कॅम एक दात मागे राहिला तर आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि आत घेतलेला माल तो परत कार्बोरेटरकडे ढकलतो. किकला दाब लागत नाही, खालच्या वेगात ओढ राहत नाही, कार्बोरेटरमधून थुंकल्यासारखे होते. चाचांच्या गाडीत हेच झाले होते. कॅम एक दात पुढे गेला तर धुराचा व्हॉल्व्ह लवकर उघडतो, जळत्या गॅसचा जोर पिस्टनऐवजी सायलेन्सरला मिळतो, आवाज वाढतो आणि गाडी वरच्या वेगात दम सोडते.

चूक एका दातापेक्षा जास्त असेल तर धोका वेगळाच. तेव्हा उघडा व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येऊ शकतो. व्हॉल्व्ह वाकतो, कधी पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडतो, कधी गाईड फुटते. तीस रुपयांचे पॅकिंग वाचवायला गेलेल्या माणसाला मग अख्खे हेड बदलावे लागते.

काढण्यापूर्वीची तयारी

बसवण्याचे अर्धे काम काढतानाच होते. जो माणूस खुणा न बघता चेन उतरवतो तो बसवताना अंदाजावर चालतो.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये उभी करावी.

२. हेडच्या भोवतालची माती आणि चिखल ब्रशने आणि रॉकेलने आधी साफ करावा. कोकणात लाल मातीचा थर असतो, तो आत पडला तर कॅमच्या नाकाला खातो.

३. प्लग काढावा. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरते आणि आत काही अडत असेल तर हाताला लगेच कळते.

४. डाव्या बाजूचे मॅग्नेटचे कव्हर आणि हेडच्या डाव्या बाजूचे कॅमच्या गरारीचे कव्हर काढावे.

५. मॅग्नेटच्या नटाला गोटी पाना लावून इंजिन त्याच्या चालत्या दिशेनेच फिरवावे. या गाड्यांत डावीकडून पाहता ही दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलट आहे. मॅग्नेटवरचे 'टी' अक्षर स्थिर खुणेसमोर आणावे. त्याच वेळी कॅमच्या गरारीवरची खूण हेडवरच्या खाचेसमोर येते का ते बघावे. आली नाही तर आणखी एक फेरी द्यावी.

६. खुणा जुळलेल्या स्थितीत चेन आणि गरारी कशी दिसते ते नीट बघून ठेवावे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, फोटो काढून ठेवावा. शिवाय रंगाच्या काडीने किंवा नेलपॉलिशने चेनवर आणि गरारीवर स्वतःची खूण करावी. मात्र स्वतःची खूण ही मदतीची आहे. कंपनीची खूणच खरी मानावी, कारण आपल्या आधी कोणी मिस्त्रीने चूक करून ठेवलेली असू शकते.

७. टेन्शनर ढिला करावा. या इंजिनात टेन्शनरची दांडी आणि स्प्रिंग खालच्या बाजूला बोल्टमागे असते. तो बोल्ट काढताना थोडे ऑइल येते, खाली डबा ठेवावा. टेन्शनर ढिला न करता गरारी ओढून काढणाऱ्याला ती परत बसवताना चेन तोकडी वाटते, आणि मग तो एक दात मागे-पुढे करून बसवतो. पुष्कळ चुकांचे मूळ इथे आहे.

८. गरारीचे बोल्ट काढताना खालच्या पोकळीत स्वच्छ चिंधी कोंबावी. बोल्ट आत पडला तर तो काढायला अख्खे इंजिन उतरवावे लागेल. गरारी निघताच चेनला तार अडकवून ती वर बांधून ठेवावी.

बसवण्याची रीत

पहिली गोष्ट, कॅमशाफ्ट हातात घेऊन तपासावा. कॅमच्या नाकावर नखाला लागेल अशी खाच, खड्डा किंवा निळसर जळकी छटा असेल तर तो परत बसवू नये. रॉकरचा चेहराही तसाच बघावा. खराब रॉकर नव्या कॅमला थोड्याच दिवसांत खातो. दोन्ही ठीक असतील तर कॅमच्या नाकांना आणि बसण्याच्या जागांना स्वच्छ इंजिन ऑइल चोपडावे. सुरुवातीच्या काही सेकंदांत वर ऑइल पोहोचलेले नसते, तेव्हा हेच ऑइल कॅमला वाचवते.

दुसरी गोष्ट, टॅपेटचे नट सोडून स्क्रू मागे घ्यावेत. म्हणजे बसवताना व्हॉल्व्हवर दाब राहत नाही आणि कॅम स्वतःहून फिरून खूण सोडत नाही.

तिसरी गोष्ट, क्रँक 'टी' खुणेवर आणावा. चेन सुटी असताना क्रँक फिरवायची वेळ आली तर एका हाताने चेन वर ताणून धरावी. नाहीतर ती खाली क्रँकच्या गरारीपाशी गोळा होते, अडकते, आणि केसिंगला चीर पाडते. 'टी' च्या जवळच 'एफ' हे अक्षरही असते. ती ठिणगीची खूण आहे. घाईत 'एफ' ला 'टी' समजून काम करणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. मग कॅमची खूण कोणत्याच दातावर नेमकी बसत नाही, थोडी इकडे किंवा थोडी तिकडे राहते, आणि मिस्त्री वैतागून जवळचा दात पकडतो. अक्षर वाचूनच पुढे जावे. गंज किंवा ऑइल असेल तर पुसून वाचावे.

चौथी गोष्ट, कॅमशाफ्ट असा बसवावा की त्याची दोन्ही नाके रॉकरपासून दूर असतील. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. याच स्थितीत गरारीवरची खूण हेडच्या खाचेसमोर यायला हवी.

पाचवी गोष्ट, गरारी आधी चेनमध्ये घालावी आणि मग कॅमवर बसवावी. क्रँक चेन ज्या बाजूने ओढतो ती बाजू ताठ ठेवावी. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. ओढीच्या बाजूला ढील राहिली तर आत्ता खूण जुळलेली दिसते, पण टेन्शनर बसून इंजिन फिरले की खूण सरकते. याला आमचे उस्ताद "खूण खोटी बोलते" म्हणत.

सहावी गोष्ट, बोल्ट हाताने पूर्ण फिरवून घ्यावेत, मग पान्याने थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत. हे बोल्ट लहान असतात आणि समोर अॅल्युमिनियम किंवा पातळ धातू असतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ एक किलो-मीटर एवढा जोर पुरतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. लांब दांडीचा पाना लावून अंगाचा जोर टाकू नये. चुडी गेली की कंपनीचे हेडही उपयोगाचे राहत नाही.

सातवी गोष्ट, टेन्शनर परत बसवावा आणि मगच इंजिन फिरवावे.

कोणता 'टी' धरायचा?

शिकाऊ मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे 'टी' दोनदा समोर येतो. एक दाबाच्या शेवटी, एक धुराच्या शेवटी. मग बरोबर कोणता?

कॅम काढलेला असताना दोन्ही 'टी' सारखेच आहेत. क्रँकला स्वतःला माहीत नसते की ही फेरी दाबाची की धुराची. ते कॅम ठरवतो. तुम्ही ज्या 'टी' वर कॅमची खूण जुळवाल तोच दाबाचा 'टी' होतो. या गाड्यांत ठिणगी मॅग्नेटवरून मिळते आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडते, म्हणून तिथेही अडचण येत नाही.

परंतु टॅपेटची गॅप लावताना मात्र दाबाचाच 'टी' लागतो. ओळख सोपी आहे. 'टी' समोर असताना दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक फेरी द्यावी. या लहान इंजिनांत गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, बहुधा ०.०५ ते ०.१० च्या आसपास. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा आणि फिलर गेजनेच लावावा. ब्लेडच्या पात्याने किंवा "कानाने" लावलेली गॅप दोन दिवस गोड वाटते. गॅप फार कमी राहिली तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि त्याची कड जळते.

किक मारण्यापूर्वी

आता घाई करू नये. प्लग बाहेरच ठेवून मॅग्नेटच्या नटावर पाना लावून इंजिन हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. दाबाचा मऊ विरोध आणि लोखंडाला लोखंड लागल्याचा कठीण विरोध हाताला वेगळा कळतो. कठीण अडथळा आला तर तिथेच थांबावे. जोर लावू नये, सेल्फही मारू नये. थांबलेल्या हातामुळे व्हॉल्व्ह वाचतो.

दोन फेऱ्यांनंतर 'टी' परत समोर आणावा आणि कॅमची खूण पुन्हा खाचेसमोर आहे का ते बघावे. असेल तरच कव्हर लावावे. हे दुसऱ्यांदा बघणे आम्ही कधीच चुकवत नाही. याला दोन मिनिटे लागतात. चाचांच्या गाडीत ती दोन मिनिटे आम्ही वाचवली होती.

खूण थोडी मागे राहत असेल तर

सगळे बरोबर करूनही कधी कॅमची खूण अर्ध्या दाताने मागे राहते. इकडच्या दातावर थोडी मागे, पलीकडच्या दातावर थोडी पुढे. अशा वेळी मिस्त्रीला वाटते की आपलेच काही चुकले. बहुधा चेन लांबलेली असते. ओढीची बाजू लांब झाली की कॅम उशिरा फिरतो. अशी चेन नुसती टेन्शनरने ताणून चालत नाही. टेन्शनर ढील काढतो, उशीर काढत नाही. चेन, दोन्ही गराऱ्या आणि टेन्शनरचे रबरी रोलर यांचा पूर्ण संच बदलावा. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.

दुसरे कारण म्हणजे हेड किंवा ब्लॉक घासून घेतलेला असणे. पृष्ठभाग कमी झाला की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि खूण थोडी सरकते. पॅकिंग मूळ जाडीचेच वापरावे.

बुलेट आणि दोन कॅमच्या गाड्या

जुन्या बीड लोखंडाच्या बुलेटमध्ये टायमिंगची चेन नाही. खाली दोन कॅम आहेत, ते दातेरी चाकांनी फिरतात आणि लांब दांड्यांमार्फत वरच्या रॉकरला ढकलतात. चाकांवर ठिपके असतात, ते एकमेकांसमोर बसले पाहिजेत. चाक एकदा दातात बसले की ते सरकत नाही, पण चुकीचे बसले तर चुकीचेच राहते. हिशेब तोच.

केटीएमच्या ड्यूकसारख्या काही नव्या गाड्यांत हेडमध्येच दोन कॅमशाफ्ट असतात, एक आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, एक धुराचा. तिथे दोन्ही गराऱ्यांच्या खुणा मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणेच जुळवाव्यात. कॅमवरच्या टोप्या ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी आणि त्याच तोंडाने बसवाव्यात, आणि थोड्या-थोड्या फेऱ्यांनी सारख्या खाली आणाव्यात. एकच बाजू आधी आवळली तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम तिरका होतो आणि टोपी फुटते. या टोप्या हेडसोबतच घासलेल्या असतात, त्या सुट्या विकत मिळत नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहाचे नियम लागू झाले आणि स्प्लेंडरमध्येही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. काही तरुणांना वाटते की आता कॉम्प्युटर सगळे सांभाळतो. कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी सांभाळतो, चेनचा दात सांभाळत नाही. दात चुकलेला असूनही मीटरवरचा दिवा न पेटण्याची शक्यता असते. तेव्हा खुणा वाचण्याला आजही पर्याय नाही.

धंद्याचा हिशेब

कॅमचे काम नीट करायला तासभर जास्त लागतो. ही मजुरी गिऱ्हाइकाला आधी सांगून घ्यावी. आम्ही एक वही ठेवतो. तिच्यात गाडीचा नंबर, काय उघडले, चेन बदलली की नाही, टॅपेटची गॅप किती लावली आणि "खूण दोनदा पाहिली" असे लिहितो. पुढे तक्रार आली तर वही उघडून बोलता येते. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि शागिर्दालाही शिस्त लागते.

जे वाचक गॅरेजवाले नाहीत पण मोटारसायकलवर माल वाहतात, दूध, अंडी, पाव, कापड, मासळी, त्यांनी एवढे करावे. हेडचे काम झाल्यावर गाडीची ओढ कमी वाटली, किक मऊ वाटली, तर मिस्त्रीला शांतपणे सांगावे, "भाई, टायमिंगच्या खुणा माझ्यासमोर एकदा दाखवा." चांगला मिस्त्री रागावणार नाही. दोन कव्हरे उघडून तो दाखवील. आणि तो मिस्त्री आपण स्वतः असू, तर चूक सापडल्यावर चुकीच्या कामाचे घेतलेले पैसे परत करावेत. आमच्या अनुभवात त्या परत केलेल्या पैशांनी आम्हाला जेवढी गिऱ्हाइके आणून दिली तेवढी कोणत्याही पाटीने आणली नाहीत. ते चाचा पुढे अनेक वर्षे आमच्याकडेच येत राहिले, आणि दर वेळी हसून विचारत, "बेटा, खूण पाहिलीस ना?"